पहिला रुमाल

पॅरिस, २४ ऑगस्ट १९८६

आबिलियो,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जिना पुसत होते. या इमारतीची राखण करून मला एकोणीस वर्षं झाली. पाच मजल्यांचं टपाल मी कधी उशिरा पोचवलं नाही, पण आज सगळ्यांची पत्रं बादलीशेजारी ठेवून पायरीवर बसले आणि तुझ्या चार ओळी चार वेळा वाचल्या. आरेन्यालचा मॅनेजर! आपल्याच गावच्या क्लबाचा! अरे, अख्ख्या पोर्तुगालात दुसरा क्लब उरला नाही का?

बहुतेक नाहीच उरला. दहा वर्षांत आठ क्लब झाले तुझे. आलेंतेजूतून नाताळाआधी काढलं, मादेइरा बेटावरून तर बॅगा उघडायच्या आधी. माझ्या पत्त्यांच्या वहीत तुझं पान इतकं खोडलंय की आता समासात लिहावं लागतं. खेळाडू म्हणून तू चांगला होतास, हे मी नाही, वर्तमानपत्रं म्हणायची. सोळा वर्षं बचावात उभा राहिलास, दोन्ही गुडघे घालवलेस, एकदा देशाच्या संघात निवडला गेलास आणि राखीव बाकावर बसून परत आलास. तेवढ्यावर थांबला असतास तर लोकांनी आदराने नाव घेतलं असतं. पण तुला मॅनेजर व्हायचं होतं, आणि आता आगीतून उठून थेट फुफाट्यात उडी.

आणि बाबांचं काय? त्यांचा विचार केलास का? मॅनेजर नकोसा झाला की पांढरे रुमाल हलवायचे, हे देशभर चालतं. पण आरेन्यालच्या स्टँडमध्ये पहिला रुमाल सगळ्यात जुन्या सभासदाने काढायचा, त्याच्याआधी कुणी नाही. आणि गेली एकवीस वर्षं हा मान कुणाकडे आहे? सभासद क्रमांक चार, होड्या बांधणारे सेलेस्तिनो सिकेरा. तुझे नि माझे वडील. पहिले तिघे कधीच देवाघरी गेले. बाबांनी आजवर नऊ मॅनेजर घालवलेत. पाच सामने लागोपाठ हरला की पुढच्या घरच्या सामन्याला रुमाल. आईच्या मावसभावालाही सोडलं नव्हतं, आठवतंय? आईने आठवडाभर त्यांना मासे वाढले नव्हते.

अजून वेळ आहे. पाय मुरगळला म्हणून सांग, लग्न ठरलं म्हणून सांग, काहीही सांग, पण नाही म्हण.

तुझी ताई,
एर्मिनिया


आरेन्याल, ९ सप्टेंबर १९८६

प्रिय ताई,

तू नेहमीसारखी पडायच्या आधीच रडतेस. करारावर सही झालीय, आणि मी माझ्या जुन्या खोलीत राहतोय. खाट तीच आहे. फक्त पाय आता बाहेर येतात.

परवा पहिला सामना झाला. शून्य-शून्य. वर्तमानपत्रवाला म्हणाला, झोप आली. त्याला काय कळतंय! माझ्या संघाने समोरच्याला गोलापर्यंत पोचू दिलं नाही. संघ घट्ट आहे. मी नेहमी सांगतो, आधी घर बंद करायचं, मग सामान लावायचं. समुद्रावरून वारा येतो, मैदानात वाळू उडते, चेंडू वाटेल तिकडे जातो. अशा मैदानावर पुढे पळत सुटणं म्हणजे मूर्खपणा.

बाबांची काळजी तू उगाच करतेस. त्यांनी पहिल्याच दिवशी कायदा सांगितला. "या दाराच्या आत तू माझा मुलगा. मॅनेजर बिनेजर मी ओळखत नाही. मॅनेजरशी जेवणाच्या टेबलावर खेळाबद्दल बोलणाऱ्या सभासदाला स्टँडमध्ये शिटी वाजवायचाही हक्क नाही." म्हणजे घरात हवामान, सार्डिनचा भाव आणि बेकरीवाल्या प्रुदेन्सियामावशीचं गुडघेदुखीचं तेल, एवढंच बोलायचं. परवा मैदानाच्या फाटकात समोरासमोर आलो, तर टोपी काढून म्हणतात, "नमस्कार, मिस्टर." खेळाडू मॅनेजरला मिस्टर म्हणतात ते ठीक, पण माझे स्वतःचे वडील! मीही म्हणालो, "नमस्कार, सेलेस्तिनोसाहेब." मागे न्हावी वाल्देमार होता, तो हसून हसून वाकला.

तू काळजी करू नको. हिवाळ्यापर्यंत आम्ही वरच्या पाचात असू.

तुझा,
आबिलियो


आरेन्याल, १४ ऑक्टोबर १९८६

मुली एर्मिनिया,

देवाच्या कृपेने माझी तब्येत ठीक, पाठ ठीक, दात जेवढे उरलेत तेवढे ठीक. जे ठीक नाही ते देवाच्या हातात नाही, तुझ्या भावाच्या हातात आहे.

लागोपाठ पाच सामने हरलो. आठ माणसं आपल्या गोलासमोर उभी करतो. पुढे एकटा एक, तो बिचारा वाऱ्याशी खेळतो. डावीकडे नेलितो नावाचा गडी आहे, कोळ्यांच्या घरचा, घोड्यासारखा पळतो. त्याला राखीव बाकावर बसवून ठेवलंय, कारण म्हणे तो मागे परतत नाही. अगं, जो गोल करायला गेलाय तो परत कशाला येईल?

त्या दिवशी रागाने फेकलेली माझी टोपी शेजारच्या बाईच्या डोक्यावर पडली. मी घरी येतो, तोही येतो. मी म्हणतो, वारा पडला. तो म्हणतो, हो, पडला. मग दोघं सूप पितो. तू त्याला कळव की नेलितोला खेळव. माझं नाव घेऊ नको. मैदानातलं मैदानात, घरातलं घरात. हा कायदा मीच केलाय, मीच मोडणार नाही.

आता खरं सांगतो, कारण तू लांब आहेस. येत्या रविवारी घरचा सामना आहे. दुसरा कुणी असता तर रुमाल निघालाच असता. सगळे माझ्याकडे बघतात. मी आयुष्यभर होड्या बांधल्या. पाणी शिरतंय तर शिरतंय म्हणून सांगितलं, होडी माझ्या भावाची असली तरी. रुमाल खिशात असतो, हातही खिशात असतो. हात वर येत नाही. यातलं एक अक्षर त्याला कळता कामा नये. तुझ्या आईच्या नावाने शपथ घे आणि तसं लिहून पाठव.

तुझा बाप,
सेलेस्तिनो सिकेरा


पॅरिस, २ नोव्हेंबर १९८६

आबिलियो,

तुला एक विचारते. डावीकडे तो नेलितो आहे ना, त्याला खेळवून बघ की. असं मला आपलं वाटलं.

आणि दुसरं, तुम्ही दोघं एका छपराखाली राहता, एका भांड्यातलं सूप पिता आणि भांडण मात्र पॅरिसला पाठवता. मी काय टपाल कचेरी आहे? इथे मला चोवीस घरांचं टपाल आहे, ते पुरे आहे. बाबांशी बोल. मासळीचा भाव सोडून बोल. नाहीतर राजीनामा दे. राजीनामा दिल्याने आजवर कुणी मेलेलं नाही.

ताई


आरेन्याल, १८ नोव्हेंबर १९८६

प्रिय ताई,

उभ्या जन्मात तू एकही सामना पाहिला नाहीस. पॅरिसमध्ये जिने पुसता पुसता तुला आमचा डावीकडचा खेळाडू कसा आठवला? प्रुदेन्सियामावशीने कान भरले असणार. तिला सांग, पावाकडे लक्ष दे म्हणावं. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक माझ्याबद्दल म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण या मैदानावर खरोखर वाळू आहे!

राजीनाम्याचं नाव काढू नको. मॅनेजर राजीनामा देत नाही, मॅनेजरला काढतात. आठ वेळा काढला गेलोय, मान ताठ ठेवून गाडीत बसलोय. राजीनामा दिला तर आरेन्यालमध्ये पोरं म्हणतील, सिकेराचा मुलगा पळाला.

आता तुला एक गोष्ट सांगतो, कुणाला सांगू नको. आम्ही नऊ हरलो, दोन बरोबरीत सोडवले. आणि बाबांनी रुमाल काढलेला नाही! स्टँड सगळा त्यांच्याकडे बघतो. गोल झाला की मीही बघतो. ते कोटाच्या खिशात हात घालून बसलेले असतात, दगडासारखे. ताई, त्यांना कळलंय. बाकी गावाला कळलं नाही, पण त्यांनी पन्नास वर्षं खेळ पाहिलाय, त्यांना माझी पद्धत कळलीय. सोळा वर्षं मी खेळलो. एकदाही ते मला म्हणाले नाहीत की आबिलियो, आज बरा खेळलास. पोर्तोतला तो मोठा सामना आठवतो? डोक्याला पट्टी बांधून खेळलो होतो. घरी आलो तर म्हणाले, पट्टीला मासळीचा वास येतोय, बदल. आता मात्र दर रविवारी सगळ्या गावासमोर ते माझ्या बाजूने बसतात. गप्प बसून का होईना, म्हणतात तरी.

म्हणून मी हटणार नाही. ते जोपर्यंत खिशातून हात काढत नाहीत तोपर्यंत मीही मागे सरणार नाही.

तुझा,
आबिलियो


पॅरिस, १४ डिसेंबर १९८६

बाबा,

साष्टांग नमस्कार वगैरे सगळं आहे असं समजा. मला आज राग आलाय.

प्रुदेन्सियामावशीने बेकरीतून फोन केला. तिच्याकडून काय काय कळलं ते मीच तुम्हाला सांगते, म्हणजे तुम्ही "वारा पडला" असं मला लिहिणार नाही. कॅफेत तुमचा डोमिनोचा डाव मोडला. तीस वर्षांचे भिडू दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात. न्हावी वाल्देमार तुमच्या तोंडावर म्हणाला, "सेलेस्तिनो, तुझा रुमाल फाटला का रे? की तो फक्त दुसऱ्यांच्या मुलांसाठी होता?" दर सोमवारी सकाळी तुमच्या दाराला कुणीतरी पांढरा रुमाल टाचणीने लावून जातं आणि आबिलियो उठायच्या आत तुम्ही तो काढून चुलीत टाकता. क्लबाचे अध्यक्ष, ते डॉक्टर लोझादा, नाताळचा केक घेऊन घरी आले आणि म्हणाले, "गारठा फार आहे, सेलेस्तिनोसाहेब, सर्दी होते, माणसाने रुमाल हाताशी ठेवावा." एवढा शिकलेला माणूस! मॅनेजर त्याने नेमला, काढायची वेळ आली की मात्र एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या खिशाकडे बघतो. रुमाल दिसल्याशिवाय काढलं तर सभासद त्याला खाऊन टाकतील, अशी त्याला भीती. म्हणजे तुमचा हात वर येईना, म्हणून सगळं गाव अडकलंय आणि क्लब तळाला चाललाय.

बाबा, हे काय चाललंय? एक तर रुमाल काढा आणि मोकळे व्हा, नाहीतर रविवारी घरी बसा. पाठ दुखते म्हणा. तुम्हाला असं एकटं पडलेलं मी इथून ऐकू शकत नाही.

आणि तो तिकडे काय समजून बसलाय ते तुम्हाला माहीत आहे का? तुमचा विश्वास आहे म्हणून तुम्ही गप्प आहात, असं समजतो तो. मी शपथ घेतलीय म्हणून तोंड बंद ठेवलंय. एक बाप, एक भाऊ, आणि दोघांनी माझं तोंड शिवलंय.

तुमची,
एर्मिनिया


आरेन्याल, २३ डिसेंबर १९८६

मुली,

घरी बसणार नाही. एकावन्न वर्षांत मी फक्त एक रविवार चुकवलाय. त्या दिवशी तुझ्या आईला पुरलं.

परवा काढणार होतो. घरचा सामना, दोन गोल झाले होते. मी ठरवलं, आता बास. रुमाल खिशातून बाहेर आला, छातीपर्यंत हात गेला. मागचा सगळा स्टँड अर्धवट उठला, बाकडी करकरली. तेवढ्यात त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. तुला आठवतं, पहिल्यांदा पोहायला नेलं होतं तेव्हा पाण्यातून बघायचा, मी धक्क्यावर आहे की नाही म्हणून? तसं पाहिलं. शेहेचाळीस वर्षांचा घोडा.

मी नाक पुसलं. सगळे परत बसले.

नाताळचा खारवलेला बाकाल्याव मासा भिजत घातलाय. तू नाहीस तर जास्तच होईल.

बाप


पॅरिस, ६ जानेवारी १९८७

आबिलियो,

आईच्या नावाने घेतलेली शपथ मी आज मोडते आहे. तिला मी नंतर उत्तर देईन.

बाबांचा तुझ्या पद्धतीवर विश्वास नाही. कधीच नव्हता. आठ माणसं मागे ठेवणं त्यांना मूर्खपणाचं वाटतं. नेलितोचा निरोप माझा नव्हता, त्यांचा होता. ते ऑक्टोबरपासून रुमाल काढायचा म्हणतात आणि हात उचलवत नाही. उचलवत नाही कारण तू त्यांचा मुलगा आहेस, दुसरं काही नाही. तू ज्याला विश्वास म्हणतोस ना, ती त्यांची शरम आहे. आयुष्यात पहिल्यांदा ते खोटं वागताहेत आणि ते तुझ्यासाठी.

तुला माहीत आहे का की कॅफेत त्यांच्याशी कुणी डोमिनो खेळत नाही? की दर सोमवारी दाराला रुमाल टाचलेला असतो? तुला माहीत नसणार, कारण तू उठेपर्यंत त्याची राख झालेली असते. तू त्याच घरात झोपतोस, अरे! मी पॅरिसहून तुला सांगायचं?

तू म्हणतोस मॅनेजर राजीनामा देत नाही. ठीक. तुझी मान ताठ राहू दे. पण तुझी मान ताठ राहावी म्हणून बाबांनी मान खाली घालायची? पन्नास वर्षं ज्या स्टँडमध्ये ते पहिल्या रांगेत बसले, तिथे लोक आता त्यांच्या पाठीमागे कुजबुजतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तुम्हा दोघांचं सारखंच. आईने एकटीने तुम्हाला कसं सहन केलं, देव जाणे.

मी खूप रागाने लिहिलंय आणि एकही ओळ खोडणार नाही.

एर्मिनिया


पॅरिस, २८ जानेवारी १९८७

आबिलियो,

तीन आठवडे झाले. पत्र नाही, निरोप नाही. मावशी फोनवर म्हणते, "दोघं जेवतात, भांडी धुतात, मला काही कळत नाही." माझं चुकलं असेल तर चुकलं म्हणून लिही. शिवी घाल, पण लिही. मी रोज टपालवाल्याच्या आधी दारात उभी असते आणि तो मला बघून हसतो.

ताई


आरेन्याल, ९ फेब्रुवारी १९८७

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बाबांना सूप पिताना विचारलं, "बाबा, ताई लिहिते ते खरं का?" कशाबद्दल, हेही त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "सूप गार होतंय." एवढंच उत्तर. मला तेवढं पुरलं. मग तुला काय लिहू? तू खरं लिहिलं होतंस, त्याचा राग येत होता, आणि खरं होतं म्हणून जास्त येत होता. पहिल्या सोमवारी मी पहाटे उठून दारामागे उभा राहिलो. रुमाल टाचायला आला तो वाल्देमार होता. मी दार उघडलं तर टाचणी त्याच्या बोटात घुसली. त्याने रुमाल खिशात घातला आणि निघून गेला. त्यानंतर रुमाल आला नाही. पण डोमिनो काही मी परत आणू शकत नव्हतो.

राजीनामा लिहिला होता. तीनदा. हे तुला आज सांगतो. तिन्ही वेळा वाटलं, मी असा गेलो तर बाबा जन्मभर म्हणत राहतील, माझ्यामुळे पळाला. आणि गाव म्हणेल, म्हाताऱ्याने पोराला वाचवलं. दोघांचंही काही उरलं नसतं.

काल घरचा सामना होता. नेलितोला खेळवलं. त्याने गोलही केला, या मोसमातला आमचा तिसरा. पण मागे उरलेल्या सात जणांना गोल झाल्यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं, कारण मी कधी शिकवलंच नव्हतं. आपण चार खाल्ले.

चौथा झाला आणि मी नेहमीसारखं वळून पाहिलं. बाबा उभे होते. कोटाची बटणं लावलेली, टोपी बाकावर काढून ठेवलेली, जसे चर्चमध्ये उभे राहतात तसे. आणि त्यांचा हात वर होता, रुमाल हातात होता. माझ्याकडेच बघत होते. नजर वळवली नाही त्यांनी.

आणि ताई, मागचा कुणीही उठला नाही.

चार महिने ज्यांनी त्यांना छळलं, ते सगळे तिथे होते. त्यांच्या खिशात रुमाल होते, मला माहीत आहे, दर रविवारी असतात. वाल्देमार आपल्या बुटांकडे बघत होता. डॉक्टर लोझादा चष्मा पुसत बसले. डोमिनोचे तिघे भिडू एका रांगेत होते, तिघांनी हात काखेत घातले. सगळा स्टँड गप्प, मैदानावर खेळ चालू आणि तिकडे कुणी बघतच नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या मुलासमोर असं उभं राहताना पाहून कुणाचाच हात उठेना. आणि बाबा हात खाली घेईनात. त्यांचा नियम म्हणजे नियम. रुमाल आधी थोडा हलवला, मग नुसताच वर धरून ठेवला. त्यांना तसं एकटं उभं असलेलं मला बघवेना. मी दोन गुडघे घालवले, आठ क्लबांतून हाकलला गेलो, पण असं आतून कधी तुटलं नव्हतं.

मी बाकावरून उठलो. माझ्या खिशातही रुमाल होता, तूच गेल्या वर्षी पाठवलेल्या अर्ध्या डझनातला. तो काढला, स्टँडकडे तोंड करून उभा राहिलो आणि हलवायला लागलो. माझाच निरोप मी घेत होतो. राखीव खेळाडू ओरडले, "मिस्टर, काय करताय!" मी म्हणालो, "गप्प बसा, मी मलाच घालवतोय."

आधी कुणीतरी हसलं. मग वाल्देमार उठला, त्याने रुमाल काढला. मग तिघे भिडू. मग सगळेच. सगळा स्टँड पांढरा झाला आणि लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, दोन-चार बाया रडतही होत्या. पंचांनी खेळ थांबवला, त्यांना वाटलं मैदानात कुणी मेलंय. बाबांनी मग हात खाली घेतला आणि खाली बसले. भिडूंपैकी एकाने त्यांची टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

डॉक्टर लोझादा आज सकाळी नवाला आले. इतका आनंदी माणूस मी सोमवारी सकाळी पाहिलेला नाही. तर मला काढलंय, ताई. राजीनामा नाही. नऊ झाले.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. काल सामन्यानंतर आम्ही दोघं चालत घरी आलो. समुद्राकडच्या रस्त्याने, पाऊण तास. घरी आल्यावर त्यांनी सूप गरम केलं, मक्याचा पाव कापला, समोर बसले आणि चमचा हातात धरून म्हणाले, "आता तू मॅनेजर नाहीस. आता विचारतो. ती आठ माणसं मागे का ठेवायचास?"

ताई, त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा खेळाबद्दल काहीतरी विचारलं. मी पद्धत सांगायला तोंड उघडलं, घट्ट संघ, बंद घर, सगळं तयार होतं. आणि तोंडातून निघालं, "भीती वाटते, बाबा. सतराव्या वर्षापासून वाटते. चेंडू माझ्याकडे येतो तेव्हा वाटतं, हा आत जाणार आणि तुम्ही माझ्याकडे बघणार. म्हणून खेळलो तेव्हा मी मागे राहिलो, आणि मॅनेजर झाल्यावर सगळ्यांनाच मागे ठेवलं."

त्यांनी चमचा ताटलीवर ठेवला. मग त्यांचे डोळे भरून आले आणि ते चिडले, नेहमीसारखेच चिडले.

"गाढवा," म्हणाले, "मी बघायचो ते तुला लागलं तर नाही ना म्हणून. हे आधी विचारायचं होतंस."

तुझा भाऊ,
आबिलियो